लाव्हाझिएचा तराजू

सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्स देशात एखादा व्यापारी कापडाचे गठ्ठे घेऊन एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला, की त्याच्या मालाचे माप वाटेतच बदलून जाई. कापड तेच, गठ्ठाही तोच. परंतु या गावची कापड मोजण्याची काठी एका लांबीची, तर पलीकडच्या गावची निराळ्या लांबीची. धान्याचेही तसेच. मापाचे नाव एकच असले, तरी त्यात मावणारे धान्य गावोगाव कमीअधिक भरे. त्या देशात तेव्हा मापांची सुमारे 800 नावे होती आणि त्या नावांखाली सुमारे 2,50,000 निरनिराळी मापे चालत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप, ही जमीनदारांविरुद्ध शेतकऱ्यांची जुनीच तक्रार होती. 1 ऑक्टोबर 1958 पासून भारतात मेट्रिक वजने लागू होऊ लागली, तोवर आपल्याकडील शेराची आणि मणाची कथाही फारशी निराळी नव्हती.

या गोंधळाचा जाच विद्वानांनाही होत असे. पॅरिसचा एक पौंड म्हणजे 16 औंस, एका औंसाचे 8 ग्रो आणि एका ग्रोचे 72 ग्रेन. म्हणजे एका पौंडाचे 9216 ग्रेन झाले! एका प्रयोगातील वजनांची साधी बेरीज-वजाबाकी करावयाची म्हटली, तरी पानभर आकडेमोड करावी लागे. शिवाय लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाचा औंस पॅरिसच्या औंसाशी जुळत नसे. याच पॅरिस शहरी 26 ऑगस्ट 1743 रोजी आंत्वान लाव्हाझिए याचा जन्म झाला.

त्याचे वडील नामांकित वकील होते. आंत्वान पाच वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. मुलानेही वकील व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती, आणि कायद्याचा अभ्यास पुरा करून त्याने ती पाळलीही. पण माझारँ महाविद्यालयात त्याला लाकाय नावाच्या ज्योतिर्विदाकडून गणिताची गोडी लागली होती. कायद्याची पुस्तके मिटली, की तो रुएल नावाच्या अध्यापकाची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकावयास जाई. न्यायालयाची पायरी चढण्याचा योग मग आलाच नाही. मोठ्या शहरातील रस्त्यांवर दिवे कसे लावावेत, या विषयावर त्याने लिहिलेल्या निबंधाबद्दल 1766 मध्ये राजाने त्याला सुवर्णपदक दिले. तेव्हा त्याचे वय बावीस वर्षांचे होते. दोनच वर्षांनी त्याला विज्ञान अकादमीत प्रवेश मिळाला.

त्या काळी अनेक विद्वानांची अशी समजूत होती, की पाणी दीर्घकाळ तापविले असता त्याची माती होते. समजुतीला आधारही होता. काचेच्या भांड्यात पाणी पुष्कळ दिवस उकळत ठेवले, की तळाशी मातीसारखा गाळ दिसू लागे. लाव्हाझिएने ही समजूत तपासून पाहण्याचे ठरविले. त्याने पेलिकन नावाचे काचेचे पात्र घेतले. या पात्राच्या डोक्यापासून दोन नळ्या वळून पुन्हा त्याच्या पोटात शिरतात. त्यामुळे वर चढलेली वाफ थंड होऊन पाण्याच्या रूपाने परत खाली उतरते आणि थेंबभरही बाहेर जात नाही. त्याने रिकामे पात्र तोलले, त्यात शुद्ध पाणी घालून पुन्हा तोलले, तोंड घट्ट बंद केले आणि ते मंद आंचेवर ठेवले. 24 ऑक्टोबर 1768 रोजी पेटविलेली ही आंच 101 दिवस चालू होती!

पाण्यात गाळ दिसू लागला होता. लाव्हाझिएने पात्र न उघडता तोलले. एकूण वजनात काहीच फरक पडला नव्हता. म्हणजे बाहेरून आत काही आले नव्हते. मग त्याने पाणी काढून घेतले आणि कोरडे पात्र तोलले. पात्र पूर्वीपेक्षा हलके झाले होते, आणि त्याचे जेवढे वजन घटले होते, जवळजवळ तेवढेच वजन त्या गाळाचे भरले. माती पाण्याची झाली नव्हती. पाण्याने काचच झिजवली होती. केवळ तराजूच्या साहाय्याने एक जुनी समजूत मोडून पडली.

त्याच 1768 साली त्याने आणखी एक गोष्ट केली. तिचा परिणाम पुढे फार घोर झाला. फ्रान्सच्या राजाने मिठावरील, तंबाखूवरील आणि इतर काही कर वसूल करण्याचा मक्ता धनिकांच्या एका मंडळाला दिला होता. त्या मंडळात लाव्हाझिएने पैसे गुंतवून भाग घेतला. गरिबांच्या मिठावर कर घेणाऱ्या या मंडळाचा लोकांना मनस्वी तिटकारा होता, आणि तो अकारण नव्हता. लाव्हाझिए स्वतः हिशेबाला चोख होता. पण मंडळाचा नफा त्याच्याही पेटीत येत होता. 1771 मध्ये त्याने आपल्या एका भागीदाराच्या मुलीशी विवाह केला. मारी तिचे नाव. तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती.

या मुलीने पुढे जे केले, ते सांगितल्यावाचून लाव्हाझिएचे चरित्र पुरे होत नाही. पतीला इंग्रजी येत नव्हते, म्हणून ती इंग्रजी शिकली आणि इंग्लंडातील रसायनशास्त्रज्ञांचे लेखन तिने फ्रेंच भाषेत आणले. दाव्हिद या प्रसिद्ध चित्रकाराकडे ती चित्रकला शिकली आणि प्रयोगशाळेतील उपकरणांची चित्रे तिने इतक्या बारकाईने काढली, की ती पाहून कारागिराने उपकरण घडवावे. प्रयोग चालू असताना टिपणे घेण्याचे कामही तीच करी.

1776 पासून ही दोघे पॅरिसच्या शस्त्रागारात राहू लागली, कारण सरकारी दारूगोळ्याची देखरेख लाव्हाझिएकडे आली होती. तेथे त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा हा वेळ प्रयोगांचा. मधला दिवस कचेरीच्या कामांचा. आठवड्यातील एक दिवस मात्र पूर्णपणे प्रयोगशाळेचा असे. तेथे काचेची बकपात्रे होती, हंड्या होत्या, वायू मोजण्याची यंत्रे होती, तापमापक होते. आणि फोर्तँ व मेन्ये या कुशल कारागिरांनी घडविलेले तराजू होते. जड वस्तूंसाठी एक, मध्यम वस्तूंसाठी दुसरा आणि अगदी अल्प वजनासाठी तिसरा. हे तराजू प्रयोगशाळेत ठेवू नयेत, शेजारच्या खोलीत ठेवावेत, असा त्याचा दंडक होता. कारण आम्लांच्या वाफांनी धातू गंजतो आणि गंजलेला तराजू खोटे बोलू लागतो. त्यातील काही उपकरणे पॅरिसच्या कला व हुन्नर संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.

पदार्थ जळतो तेव्हा त्यातून फ्लॉजिस्टन नावाचे एक द्रव्य बाहेर पडते, असे त्या वेळी सर्वत्र मानले जाई. परंतु गंधक जाळले, तर त्याचे वजन वाढते, असे लाव्हाझिएला 1772 मध्येच आढळले होते. काही बाहेर पडत असेल, तर वजन वाढावे कसे? या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी त्याने केलेला एक प्रयोग फार प्रसिद्ध आहे. लांब व वाकड्या मानेच्या पात्रात त्याने 4 औंस पारा घेतला. पात्राची मान पाऱ्याने भरलेल्या परातीतून वर काचेच्या हंडीत नेली. आत कोंडलेली हवा 50 घनइंच होती. मग बारा दिवस त्याने तो पारा तापविला. पाऱ्यावर तांबड्या रंगाचे कण जमले आणि हवा 42 ते 43 घनइंचच उरली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझे, उंदीर गुदमरून मरे. पुढे त्याने ते तांबडे भस्म गोळा केले. ते 45 ग्रेन भरले. ते अधिक तापविताच त्यातून 41.5 ग्रेन पारा आणि 7 ते 8 घनइंच वायू निघाला. या वायूत मेणबत्ती झगझगीत जळे. हवेतून नाहीसा झाला होता तो हाच वायू. लाव्हाझिएने त्याला ऑक्सिजन हे नाव दिले.

हा वायू त्याच्या आधी शेले आणि प्रीस्टली या दोघांनी मिळविला होता. प्रीस्टली 1774 मध्ये पॅरिसला आला असताना त्याने आपला प्रयोग लाव्हाझिएला जेवणाच्या वेळी सांगितलाही होता. लाव्हाझिएने त्याचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले नाही. ही त्याच्या स्वभावातील उणीवच म्हणावी लागेल. परंतु हेही खरे, की प्रीस्टलीला आपल्या हाती काय आले आहे, याचा अर्थ शेवटपर्यंत उमगला नाही. तो लाव्हाझिएला उमगला. पाणी हे मूलद्रव्य नसून हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने झालेले आहे, हेही त्याने 1785 मध्ये अनेक विद्वानांच्या समक्ष मोठा प्रयोग करून दाखविले. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतोच, हे त्याचे मत मात्र पुढे चुकीचे ठरले.

1789 मध्ये त्याचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा तिसरा भाग केवळ उपकरणे आणि ती वापरण्याच्या रीती यांना वाहिलेला आहे. ग्रेन आणि ग्रो सोडून पौंडाचे दशांश, शतांश, सहस्रांश असे भाग करावेत, म्हणजे सर्व देशांच्या रसायनशास्त्रज्ञांना एकमेकांचे आकडे समजतील, अशी सूचना त्याने त्या ग्रंथात केली.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. नव्या लोकसभेने साऱ्या देशासाठी एकच माप ठरविण्याचे काम विज्ञान अकादमीकडे सोपविले. कोणा राजाच्या हातापायांवरून माप घेऊ नये, ते पृथ्वीवरूनच घ्यावे, असे 1791 मध्ये ठरले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे एक मीटर. हे अंतर मोजण्यासाठी देलांब्र आणि मेशँ हे दोघे 1792 मध्ये निघाले. त्यांच्या मोजपट्ट्या उष्णतेने किती वाढतात, हे बोर्दाच्या सोबतीने लाव्हाझिएने तपासून दिले. त्या मंडळाचा पैसाही तोच सांभाळी.

वजनाचे काम त्याने आयुई या खनिजशास्त्रज्ञाच्या सोबतीने केले. मीटरच्या दहाव्या भागाएवढी लांबी, रुंदी व उंची असलेल्या जागेत मावणारे शुद्ध पाणी, हेच नवे वजन व्हावयाचे होते. त्यांनी एका धातूच्या वृत्तचितीचे आकारमान काळजीपूर्वक मोजले, तिला आधी हवेत आणि मग पाण्यात तोलले. वजनात जेवढी घट आली, तेवढेच वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे. वितळत्या बर्फाच्या तापमानाला 1 घनडेसिमीटर पाणी 18,841 ग्रेन भरते, असे उत्तर 1793 च्या आरंभी निघाले. शाळेच्या प्रयोगशाळेत मोजपात्रात 100 घनसेंटिमीटर पाणी घेऊन तोलले, तर ते जवळजवळ 100 ग्रॅम भरते, हा योगायोग नव्हे; त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

परंतु आता काळ फिरला होता. ऑगस्ट 1793 मध्ये अकादमीच बंद करण्यात आली. नोव्हेंबरमध्ये जुन्या करमंडळाच्या सर्व भागीदारांना पकडण्याचा हुकूम सुटला, तेव्हा लाव्हाझिए आपण होऊन स्वाधीन झाला. वजन-मापांच्या कामासाठी त्याची गरज आहे, त्याला सोडावे, असा अर्ज मापमंडळाच्या वतीने बोर्दा आणि आयुई यांनी केला. त्या दिवसांत असा अर्ज करणे म्हणजे आपलीही मान पुढे करणे होते. अर्ज फेटाळला गेला. इतकेच नव्हे, तर लाव्हाझिएबरोबर बोर्दा, लाप्लास, देलांब्र यांनाही मंडळातून काढून टाकण्यात आले.

8 मे 1794 रोजी खटला उभा राहिला आणि त्याच दिवशी संपला. अठ्ठावीस भागीदारांना मृत्यूची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी तिची अंमलबजावणीही झाली. मारीने एकाच दिवशी, एकाच वधस्तंभावर, पिता आणि पती दोघांनाही गमावले. घरदार, ग्रंथ, उपकरणे सर्व जप्त झाले. ती स्वतः काही काळ तुरुंगात होती. पुढे सत्ता पालटल्यावर तिला मालमत्ता परत मिळाली आणि तिने पतीचे अपुरे राहिलेले लेखसंग्रह छापून काढले.

मीटर, लिटर आणि ग्रॅम ही नावे कायद्याने 1795 मध्ये रूढ झाली. देलांब्र आणि मेशँ यांचे मोजमाप 1798 मध्ये संपले. त्यानंतर दोन नव्या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या वजनाचा प्रयोग पुन्हा प्रथमपासून केला आणि 1799 मध्ये प्लॅटिनमचा किलोग्रॅम तयार झाला. त्यांचे उत्तर 18,827 ग्रेन आले. लाव्हाझिएच्या आकड्यात आणि या आकड्यात फरक केवळ 14 ग्रेनांचा, म्हणजे किलोग्रॅममागे सुमारे पाऊण ग्रॅमचा होता. त्यातील बहुतेक फरक तोलण्यातील चुकीमुळे आलेला नव्हता. लाव्हाझिएच्या हाती तेव्हा कच्चा मीटर होता आणि तो पक्क्या मीटरहून किंचित लांब निघाला होता.