गाडीच्या ब्रोशरमध्ये ज्याचं नाव असतं, तो मॅकफर्सन नेमका कोण होता?

कोल्हापुरात गाडी घेताना मायलेजनंतरचा प्रश्न ठरलेला असतो, खड्ड्यात कशी चालते? प्रश्न बरोबरच आहे. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते खाल्लेले असतात, पावसाळ्यात गगनबावड्याकडं जायचं असतं, पुढं करूळ घाट उतरायचा असतो. त्यामुळं एसयूव्ही दारात आली की काही जण वर्षभरातच कंपनीचे शॉकअप आणि स्प्रिंगा काढून बाहेरच्या बसवतात. गाडी इंच-दोन इंच उचलून घेतात. काही जण तर किट ऑनलाईन मागवतात आणि घराच्या पोर्चमध्येच जॅक लावून, पाने मांडून बसतात.

या किटच्या खोक्यावर, नाहीतर गाडीच्या ब्रोशरमध्ये 'फ्रंट सस्पेन्शन' या रकान्यात एक नाव हमखास दिसतं. मॅकफर्सन स्ट्रट. बऱ्याच जणांना ते कंपनीचं नाव वाटतं, बॉशसारखं. पण तो माणूस होता. अर्ल स्टील मॅकफर्सन.

जन्म १८९१ सालचा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोजवळच्या हायलँड पार्क गावात. दुर्या बंधूंची पेट्रोलवरची गाडी अमेरिकेच्या रस्त्यावर आली १८९३ मध्ये. म्हणजे हे पोरगं आणि अमेरिकन मोटारगाडी जवळपास एका वयाचे. तो सतरा वर्षांचा असताना हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. तिच्या पुढच्या आणि मागच्या अख्ख्या ॲक्सलवर आडवे कमानपाटे होते. बैलगाडीपेक्षा एक पाऊल पुढं, एवढंच. एका चाकाला खड्डा लागला की दुसऱ्या बाजूचं चाकही हलायचं.

१९१५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तो डेट्रॉईटला चाल्मर्स मोटर कंपनीत लागला. पहिल्या महायुद्धात युरोपात विमानांच्या इंजिनांवर काम केलं. विमानात एकेका किलोचा हिशोब असतो. जो भाग दोन कामं करू शकतो त्याच्याकडून दोन करून घ्यायची, म्हणजे दुसरा भाग लावावाच लागत नाही. मॅकफर्सनच्या पुढच्या आयुष्यावर या सवयीची सावली स्पष्ट दिसते.

युद्धानंतर लिबर्टी नावाची छोटी मोटार कंपनी, मग हपमोबिल. १९३४ मध्ये त्रेचाळीसाव्या वर्षी तो जनरल मोटर्समध्ये आला आणि लगेच शेवरोलेच्या डिझाईन विभागात मोठ्या जागेवर गेला. इथपर्यंतची गोष्ट एका चांगल्या नोकरदार इंजिनिअरची आहे. अशी हजार माणसं त्या काळात डेट्रॉईटमध्ये होती.

खरी गोष्ट सुरू होते १९४५ मध्ये.

दुसरं महायुद्ध संपलं. युद्धानंतर पुन्हा मंदी येईल, लोकांच्या हातात पैसा राहणार नाही, अशी भीती अमेरिकेत होती. म्हणून शेवरोलेनं एक छोटी, स्वस्त गाडी बनवायचं ठरवलं. तिचं नाव कॅडेट. वजन २,२०० पौंड, म्हणजे साधारण हजार किलो. किंमत हजार डॉलरच्या आत. हे काम मॅकफर्सनकडं आलं.

छोट्या गाडीची अडचण अशी की ती हलकी असली की रस्त्यावर जास्त उडते. स्वस्त असली तरी माणसं तीच बसणार, सामान तेच भरणार. मॅकफर्सनला ती मोठ्या गाडीसारखी चालायला हवी होती. चारही चाकं स्वतंत्र हवीत, हा त्याचा हट्ट. मागची चाकं स्वतंत्र असणं तेव्हा महागड्या गाड्यांतही दुर्मीळ होतं.

त्या वेळी पुढच्या चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचं म्हणजे केवढा पसारा असायचा बघा. चाकाला धरायला वर एक आर्म, खाली एक आर्म. दोन्हींच्या मधे किंवा वर स्प्रिंग. वेगळा शॉकअप. चाक वळवायला वेगळा किंगपिन. प्रत्येकाचे बुश, नट, बोल्ट आणि हे सगळं पेलायला जाडजूड चेसिस.

मॅकफर्सननं वरचा आर्म काढूनच टाकला.

त्यानं शॉकअपची नळीच जाड आणि दणकट केली आणि तिचं खालचं टोक चाकाच्या हबला घट्ट बसवलं. वरचं टोक सरळ गाडीच्या बॉडीला, मडगार्डच्या आतल्या बाजूला उंचावर टेकवलं. स्प्रिंग त्याच नळीभोवती गुंडाळली. खाली फक्त एक आर्म ठेवला. स्टिअरिंग फिरवलं की हा अख्खा खांबच चाकासोबत फिरतो, म्हणून किंगपिन नको. म्हणजे चाकाला उभं धरायचं, हिसका शोषायचा आणि वळायचं, ही तिन्ही कामं एकाच भागाकडं. त्यातही पुढं त्यानं गाडी कलू नये म्हणून लावलेल्या अँटी-रोल बारकडूनच खालच्या आर्मला पुढं-मागं सरकू न देण्याचंही काम करून घेतलं.

कल्पना अगदी आभाळातून पडली नव्हती. १९२० च्या दशकात इटलीत फियाटच्या ग्विदो फोर्नाका यांनी याच्याशी मिळतीजुळती रचना मांडली होती. पण मोठ्या संख्येनं, स्वस्तात बनवता येईल असं रूप तिला मॅकफर्सननं दिलं. मार्च १९४७ मध्ये पेटंटचा अर्ज गेला.

आणि १९४७ मध्येच जनरल मोटर्सनं कॅडेट गुंडाळली.

मंदी आलीच नव्हती. उलट युद्धाच्या काळात गाड्या न मिळालेले लोक शोरूमबाहेर रांगा लावून होते आणि मोठ्या गाड्या मागत होते. पोलादाची टंचाई होती. ज्या पोलादात मोठी गाडी बनवून जास्त नफा मिळतो, त्यात छोटी कशाला, हा हिशोब होता. व्यवसाय म्हणून बघितलं तर चूक म्हणता येत नाही. पण एकही कॅडेट ग्राहकाच्या दारात गेली नाही.

मॅकफर्सन तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उठून थेट प्रतिस्पर्धी फोर्डकडं गेला. फोर्डमध्ये संस्थापक हेन्री फोर्ड काही महिन्यांपूर्वीच वारले होते, सूत्रं नातवाच्या हातात होती आणि तो बाहेरची चांगली माणसं गोळा करत होता.

गंमत अशी की फोर्डनंही अमेरिकेसाठी छोटी गाडी आखली होती आणि तीही रद्द केली होती. ते डिझाईन फ्रान्समधल्या फोर्डच्या शाखेला देण्यात आलं. त्यातून झालेली फोर्ड व्हेडेट १९४८ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सनचा स्ट्रट होता. मग १९५० मध्ये इंग्लंडमधल्या फोर्डनं कॉन्सल आणि झेफिर दाखवल्या. त्यांनाही तोच. इंग्लंडमधल्या या दोन गाड्यांना वेगळी चेसिस नव्हती, पत्र्याची अख्खी बॉडीच भार पेलायची. स्ट्रटला हवी असते तशीच. वरच्या टोकाचा भार घ्यायला तिथं बॉडी मजबूत लागते, त्या जागेला स्ट्रट टॉवर म्हणतात.

मॅकफर्सनचं फोर्डमध्ये चांगलंच चाललं. १९५२ मध्ये तो इंजिनिअरिंगचा उपाध्यक्ष झाला. त्याच वर्षीच्या लिंकन गाडीत किंगपिनच्या जागी बॉल जॉईंट आले, अमेरिकेत हे पहिल्यांदा घडत होतं. १९५३ मध्ये स्ट्रटची पेटंटंही मंजूर झाली. पण त्याच्या देखरेखीखाली अमेरिकेत ज्या मोठमोठ्या फोर्ड बनत होत्या, त्यांत त्याचा स्वतःचा स्ट्रट नव्हता. त्या गाड्यांना चेसिस होती, जागा भरपूर होती, पेट्रोल स्वस्त होतं. दोन आर्मचा पसारा परवडत होता. १९५८ मध्ये तो निवृत्त झाला आणि १९६० मध्ये वारला.

त्याच्या मागं काय झालं, ते त्यानं बघायला हवं होतं. १९६० च्या दशकात बीएमडब्ल्यूनं आपल्या नव्या छोट्या गाड्यांना हा स्ट्रट लावला. पोर्शे ९११ ला पुढं स्ट्रट आला. मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि अख्ख्या जगाला छोट्या गाड्या हव्या झाल्या. इंजिन आडवं, पुढचीच चाकं ओढणार. अशा गाडीत बोनेटखाली वरच्या आर्मला जागाच उरत नाही. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फनं स्ट्रट लावला आणि पुढं ती वहिवाटच पडली.

भारतात तो सामान्य माणसापर्यंत आला डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० मधून. त्याआधी आपल्याकडं होत्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनी. दोघींच्या पुढच्या चाकांची रचना जुन्या घराण्याची. मारुती खड्ड्यातून जाते तेव्हा वेगळा आवाज येतो, हे तेव्हाच्या मिस्त्रींना पटकन कळलं असणार. स्वस्त, छोटी, मध्यमवर्गाची गाडी. कॅडेट जशी व्हायची होती, तशीच.

आता पोर्चमध्ये पाने घेऊन बसलेल्यांकडं येऊ. कारण मॅकफर्सननं जे भाग वाचवले, त्याची किंमत तिथं कळते.

एकाच भागाकडं तीन कामं दिली, म्हणजे तो भाग बदलताना तिन्ही कामांना हात लागतो. जुन्या रचनेत शॉकअप काढला तर फक्त शॉकअप निघतो, चाक जागेवर राहतं. स्ट्रट काढला की चाकाला वरून धरणारं काही उरतच नाही. हब बाहेर लोंबायला लागतो आणि त्याचं वजन ब्रेकच्या नळीवर येतं. म्हणून तो तारेनं बांधून ठेवावा लागतो. स्ट्रट आणि हब जोडणारे जे दोन बोल्ट असतात, चाक किती तिरकं उभं राहणार हे बऱ्याच गाड्यांत तेच ठरवतात. खोलण्याआधी खूण केली नाही तर जुळवाजुळव अंदाजानं होते.

सगळ्यात धोक्याची जागा बोनेट उघडल्यावर समोरच असते. स्ट्रट टॉवरवर कडेला छोटे नट आणि मधोमध एक मोठा नट. कडेचे नट स्ट्रटला बॉडीशी धरतात. मधला नट दाबलेली स्प्रिंग अडवून धरतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरनं नीट आवळल्याशिवाय मधला नट सोडला, तर गाडीचा भार पेलणारी ती स्प्रिंग सुटून अंगावर येते. अशात माणसं जबर जखमी होतात. कॉम्प्रेसर नसेल किंवा त्याचे आकडे झिजलेले असतील तर हे काम घरी करूच नये. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये नेऊन द्यावं, तासाभराचं काम आहे. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबणं म्हणजे तर शुद्ध वेडेपणा, खाली घोडी हवीच.

गाडी उचलण्याचंही तसंच. स्ट्रटवर स्पेसर ठेवून गाडी दोन इंच वर घेतली की खालचा एकुलता एक आर्म खाली झुकतो. त्याचं टोक आत सरकतं, चाकाचा वरचा भाग बाहेर कलतो. वरचा आर्म असता तर त्यानं थोडंफार सांभाळून घेतलं असतं. पण तो १९४७ मध्येच काढून टाकलेला. मग टायर बाहेरच्या कडेनं झिजतो. पुढच्या चाकांना ताकद देणारे शाफ्टही जास्त कोनात फिरतात आणि त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. शिवाय नुसत्या स्पेसरमध्ये शॉकअप तोच राहतो, खड्ड्यात बसणारा हिसका कमी होत नाही, फक्त गाडी उंच दिसते. हिसका कमी करायचा असेल तर चांगला शॉकअप आणि त्याला जुळणारी स्प्रिंग बदलायला हवी. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, हवेत असताना नाही, नाहीतर बुश कायम पिळलेलाच राहतो. आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट, त्याच दिवशी.

आता हे सगळं कुठल्या गाडीला लागू? क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन, हॅरिअर यांच्या पुढच्या चाकांवर मॅकफर्सनच बसलेला आहे. थार, स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनर यांच्यात तो सापडणार नाही. या गाड्यांना वेगळी चेसिस आहे, पुढं वर-खाली दोन्ही आर्म आहेत, म्हणजे मॅकफर्सननं फेकून दिलेला तो वरचा आर्म तिथं अजून कामावर आहे. जिप्सीचं तर त्याहून जुनं. तिच्या चारही चाकांवर मॉडेल टीच्या घराण्यातले पाटेच.