ग्वेनव्रेवी, म्हणजेच आपली विनिफ्रेड

आपल्या धर्मग्रामात एकेकाळी आळीआळीत एखादी तरी विनिफ्रेड असायची. कुणाला विनी म्हणत, कुणाला फ्रेडा. नाव इंग्रजांचे, असाच आपला समज. परंतु ते मूळचे वेल्सचे आहे: ग्वेनव्रेवी. ‘ग्वेन’ म्हणजे शुभ्र, तसेच धन्य. उरलेल्या भागाचा अर्थ समेट, शांती असा लावतात. इंग्रजांच्या जिभेला ते जड गेले आणि त्यांनी त्याला आपल्याकडच्या विनफ्रिथ या पुरुषी नावाचे वळण दिले. (संत बोनीफास यांचे जन्मनाव हेच!)

संत विनिफ्रेड सातव्या शतकात उत्तर वेल्समध्ये होऊन गेल्या. संत ब्यूनो हे त्यांचे मामा. त्यांच्या शिकवणीतून या मुलीने अविवाहित राहून देवाला वाहून घ्यायचे ठरवले. कॅराडोग नावाच्या सरदारपुत्राने तिच्यावर जबरदस्ती करू पाहिली. ती मामांच्या चर्चकडे धावली, तेव्हा त्याने तिला गाठून तलवारीने तिचे शिर उडवले. शिर पडले तेथे झरा फुटला. ब्यूनो यांनी ते धडाला जोडून प्रार्थना केली आणि ती उठून बसली, अशी कथा आहे. मानेवर मात्र दोऱ्याएवढा पांढरा वण कायमचा राहिला. बाराव्या शतकातल्या एका चरित्रानुसार तिचे पहिले नाव ब्रेवा होते. या वणामुळे त्याला ‘ग्वेन’ जोडले गेले. म्हणजे नावातला शुभ्रपणा रूपाचा नव्हे, जखमेचा! आम्हांला हे फार भावले.

पुढे त्या ग्विथेरिन येथील मठाच्या प्रमुख झाल्या व तेथेच वारल्या, असे चरित्र सांगते. ही चरित्रे पाचशे वर्षांनी लिहिलेली, म्हणून त्या खरोखर होऊन गेल्या का, अशी शंका काही अभ्यासक घेत. परंतु ग्विथेरिनला जपलेल्या त्यांच्या अवशेषपेटीचा आठव्या शतकातला एक तुकडा १९९१ साली सापडला.

११३८ साली त्यांचे अवशेष श्रूझबरीला नेण्यात आले. आठव्या हेन्रीच्या काळात तेथील समाधी उद्ध्वस्त झाली. झऱ्याच्या गावची, होलीवेलची, यात्रा मात्र बंदीच्या काळातही थांबली नाही. राजा दुसरा जेम्स पुत्रप्राप्तीसाठी प्रार्थना करायला तेथे गेला होता. १९१७ मध्ये खाणकामामुळे झरा आटला, तेव्हा दुसरीकडचे पाणी वळवून आणले गेले. त्या कुंडात भाविक आजही उतरतात.

त्यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो. आदल्या दिवशी आपण सारे दफनभूमीत मेणबत्त्या लावत असतो, त्यामुळे तो कुणाच्या ध्यानातच राहत नाही. यंदा ओळखीतल्या विनीला त्या दिवशी आठवणीने फोन करा.