मुळा-मुठेच्या दरडी वाचणारे सांकलिया

मुळशी तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणारी मुळा आजच्या पुणेकरांना दोनच रूपांत ठाऊक आहे. एक ताम्हिणीच्या वाटेवर दिसणारा मुळशीचा विस्तीर्ण जलाशय, आणि दुसरे औंध-दापोडीजवळचा काळवंडलेला प्रवाह. या दोहोंच्या मधे, डोंगर सोडून मोकळ्या खोऱ्यात उतरल्यावर, नदीने गोटे, वाळू आणि गाळ यांचे थर काठाशी रचून ठेवले आहेत. या थरांतून हजारो वर्षांपूर्वीचे पर्जन्यमान आणि आदिमानवाचा वावर यांचा माग काढता येतो. मुळा-मुठा खोऱ्यातील उत्तर प्लाइस्टोसीन काळावरचा प्रबंध शरद राजगुरू यांनी १९७० मध्ये पुणे विद्यापीठाला सादर केला. राजगुरू भूशास्त्रज्ञ होते. पण ज्या विभागात ते काम करीत होते तो भूशास्त्राचा नव्हता, पुरातत्त्वाचा होता. तो विभाग उभा करणारे हसमुख धीरजलाल सांकलिया तर संस्कृतचे पदवीधर!

सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. प्रकृतीने ते लहानपणापासून नाजूक होते. शाळकरी वयात लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद त्यांच्या हाती पडला आणि त्या मुलाने संस्कृत व गणित शिकायचे ठरवले. टिळकांचा उत्तर ध्रुवाचा सिद्धान्त विद्वानांनी पुढे स्वीकारला नाही, हे खरे; परंतु वेदांतील ऋचांचा अर्थ लावताना हिमयुगाच्या भूशास्त्रीय पुराव्याकडे वळण्याचे धाडस त्या ग्रंथात होते. त्या वाचनाचा धागा सांकलियांच्या पुढील कार्याशी जोडावासा वाटतो.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. त्यानंतर ते लंडनला गेले. गुजरातच्या पुरातत्त्वावरील प्रबंधासाठी १९३६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. तेथे असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननावर त्यांनी काम केले. थर ओळखणे आणि त्यांची नोंद ठेवणे हे शास्त्र ते तेथे शिकले.

पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले होते. ऑगस्ट १९३९ मध्ये ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि सांकलिया तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. इरावती कर्वे याही त्याच वर्षी आल्या. येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत ना मोठा निधी होता, ना प्रयोगशाळा. सांकलियांनी पुण्याच्या परिसरातील महापाषाण स्मारकांपासून सुरुवात केली. पायी हिंडून पाहणी करणे हेच तेव्हाचे मुख्य साधन होते.

खरे वळण आले ते १९४१ मध्ये, साबरमतीच्या काठी. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८९३ मध्ये तेथे पुराश्मयुगीन हत्यारे शोधली होती. ती हत्यारे आणि वरच्या पातळीवरील नंतरची हत्यारे यांच्यामध्ये सुमारे दोनशे फूट गाळ असल्याचे त्यांनी नोंदवले होते. एवढा गाळ साचायला किती काळ लागला असेल? मधल्या काळात माणूस होता की नव्हता? संस्कृत पोथ्या किंवा ताम्रपट यांतून या प्रश्नाचे उत्तर मिळणे शक्यच नव्हते. हत्यारांचे वय त्यांच्या आकारावरून जेवढे ठरते, त्याहून अधिक ते ज्या थरात सापडतात त्यावरून ठरते, हे या मोहिमेने स्पष्ट केले. पुढे लांघणज येथे वाऱ्याने आणलेल्या वाळूच्या टेकाडात मानवी सांगाडे मिळाले आणि त्या कामात इरावतीबाईही सहभागी झाल्या.

सांकलियांचा मोठेपणा येथे दिसतो. आपल्याला जे येत नाही ते येणाऱ्या माणसांना त्यांनी आपल्या विभागात जागा करून दिली. लंडन विद्यापीठातील फ्रेडरिक झॉयनर १९४९ मध्ये भारतात आले आणि गुजरातच्या अश्मयुगीन कालक्रमावरील त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५० मध्ये प्रसिद्ध केला. आर. व्ही. जोशी यांनी मलप्रभेच्या खोऱ्याचा अभ्यास केला (१९५५), आर. एस. पप्पू यांनी कृष्णेच्या वरच्या खोऱ्याचा (१९७४). गुद्रून कोर्विनस या जर्मन विदुषीने साठच्या दशकात नेवाशाजवळ चिरकी येथे उत्खनन केले. भूशास्त्राच्या पदवीधराला खाणी किंवा सरकारी सर्वेक्षण याखेरीज फारशी वाट नसण्याच्या काळात येरवड्यात त्याच्यासाठी एक दार उघडे होते. संशोधकाला एक नदी किंवा एखादा जिल्हा नेमून द्यावा आणि तो त्याने पायाखाली घालावा, अशी विभागाची पद्धत होती.

या सहवासातून निष्कर्षही बदलले. सुरुवातीला गोट्यांचा थर म्हणजे ओला काळ आणि गाळाचा थर म्हणजे कोरडा काळ, असे सोपे समीकरण मांडले जाई. राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या नद्यांचे थर पुन्हा तपासले, गाळातील चुनखडीच्या कंकरांचा विचार केला, आणि हे समीकरण पुरे पडत नाही असे दाखवले. मुळेचेच पाहा. ताम्हिणीत वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर जेमतेम पन्नास किलोमीटरवर पुण्यात सुमारे सातशे. अशा नदीच्या पात्रात गोटे कुठून आणि केव्हा आले, हे माथ्यावरच्या पावसाचा विचार केल्याशिवाय ठरत नाही. आपल्या मांडणीत झालेली दुरुस्ती सांकलियांनी रोखली नाही, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

जोर्वे, नेवासे, नावडातोली, आहाड, इनामगाव ही उत्खनने सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचा विस्तार येथे नको. भारत व पाकिस्तानच्या प्रागितिहासावरील त्यांचा बृहद्ग्रंथ अभ्यासकांना दीर्घकाळ आधारभूत राहिला. १९७३ मध्ये रामायणाच्या ऐतिहासिकतेवर त्यांनी लिहिले, रावणाची लंका मध्य भारतात असल्याचे मत मांडले आणि रोष ओढवून घेतला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडली होती. ती पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची की सहा-सात लाख वर्षांपूर्वीची, यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. तो वाद पेटवणाऱ्यांत याच विभागाची माणसे होती.

आज पुण्यात भूविज्ञानात संशोधन करू इच्छिणाऱ्याला पर्याय बरेच आहेत. विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे, पाषाणला आयसर आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. १९९० मध्ये अभिमत विद्यापीठ झालेले डेक्कन कॉलेजही आहे. अडचण आहे ती नदीची. मुळेच्या दोन्ही काठांवर भराव, भिंती आणि इमारती वाढत आहेत, आणि झाकलेली दरड पुन्हा तपासता येत नाही. पावसाळा ओसरून पाणी उतरले की थर स्वच्छ दिसू लागतात. क्षेत्रकार्याचा मोसम तेव्हाच सुरू होतो.