छप्पनियाचा धडा

संस्थानिक म्हटला की शिकारी, मेजवान्या व विलायतेच्या वाऱ्या आठवतात. बिकानेरचे महाराज गंगासिंह यांना त्यांचे वावडे नव्हतेच. तरीही त्यांची गणना निराळी करावी लागते. १८८० साली जन्मलेल्या या राजाच्या हाती १८९८ मध्ये पूर्ण अधिकार येतात न येतात तोच दुष्काळ कोसळला. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून राजस्थान आजही त्याला ‘छप्पनिया’ म्हणते. गुरे मेली, माणसे परागंदा झाली. अन्नछत्रे उघडून हे दुखणे हटणारे नाही, सतलजचे पाणीच मरुभूमीत आणले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पंजाब व बहावलपूर यांच्याशी दीर्घ वाटाघाटी होऊन १९२० मध्ये करार झाला. पाणी वाळूत जिरू नये म्हणून कालव्याला चुन्याच्या काँक्रीटचे अस्तर दिले. त्या काळी हे धाडसच होते. २६ ऑक्टोबर १९२७ रोजी कालवा सुरू झाला, गंगानगर वसले. कालव्याच्या जमिनी मात्र विकत घ्याव्या लागत, आणि त्या घेणाऱ्यांत पंजाबातून आलेले शेतकरी पुष्कळ होते. छप्पनियात होरपळलेल्या निर्धनाच्या पदरात त्यातले किती पडले, हे विचारणे प्राप्त आहे. तसे विचारणे मात्र दरबारास रुचत नसे. १९३२ मध्ये बिकानेर कटाचा खटला भरून राजकीय कार्यकर्त्यांना शिक्षा देण्यात आल्या, त्या याच राजाच्या कारकिर्दीत. १९४३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.