प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे डॉ. हाफकिन कोण होते?

कुठलंही ॲप लोकांच्या हातात देण्याआधी त्याचं टेस्टिंग होतं. पण चूक झाली तर जीवच जाईल, अशा गोष्टीचं टेस्टिंग कुणावर करायचं? वाल्डेमार हाफकिन यांनी उत्तर दिलं: आधी स्वतःवर.

1860 साली ओडेसात जन्मलेल्या हाफकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कॉलऱ्याची लस बनवली. 1892 मध्ये ती स्वतःला टोचून पाहिली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी अवघ्या तीनेक महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती स्वतः घेतली. ताप आला, पण ते बरे झाले. यातून लस जीवघेणी नाही एवढंच कळलं. ती प्लेग रोखते का, हे कळायला तुलना हवी होती. म्हणून भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी आढळला.

तरीही 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतली लस घेतलेले 19 जण धनुर्वातानं दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, ते निलंबित झाले. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य व्हायला 1907 साल उजाडलं.

1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. 1930 मध्ये ते गेले. लस चांगली असणं पुरेसं नाही, प्रत्येक बाटली सुईपर्यंत सुरक्षित पोहोचावी लागते, हा धडा मात्र 19 जिवांची किंमत देऊन मिळाला.