नाथांचा प्रपंचातला योग

योग म्हटला की गुहा, आसन आणि कोंडलेला श्वास आपल्या डोळ्यांपुढे येतो. मग मंडळी आम्हांला विचारतात, बुवा, शेत, गुरे, लेकरे सांभाळणाऱ्याने योग करावा तरी केव्हा? आम्ही त्यांना पैठणचा नाथवाडा दाखवितो. शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराज तेथे बायकोमुलांत राहूनच योगी झाले.

कूळ भानुदासांचे. आईबाप लवकर गेले. आजोबा चक्रपाणींनी वाढविले. कोवळ्या वयात नाथ देवगिरीस श्रीजनार्दनस्वामींच्या पायांशी गेले. स्वामी स्वतः किल्ल्याचा कारभार पाहणारे. त्यांनी शिष्याला हिशेबाला बसविले. एका पैची चूक लागेना, तेव्हा नाथ रात्रभर वह्यांत बुडाले, आणि ती सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, अशी कथा आहे. हे चित्त देवाकडे वळले की काम झाले, हे स्वामींनी ओळखले. अहो, धारणा म्हणतात ती याहून निराळी ती काय?

पुढे गुरूंच्या आज्ञेने गृहस्थाश्रम झाला. गिरिजाबाईंनी अन्नसत्राचा भार आनंदाने वाहिला. गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य मानलेल्या घरचे पोर नाथांनी कडेवर घेतले. रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. गीतेने समत्वाला योग म्हटले. नाथांनी तो वाळवंटात आचरून दाखविला.

भागवताच्या एकादश स्कंधावरची मराठी टीका त्यांनी पैठणास आरंभिली आणि १५७३ साली काशीत पुरी केली. १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हे सारे घर चालवून, बरे का!

पण खरी कसोटी घरातच लागली. पुत्र हरिपंडित मोठे व्युत्पन्न. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे, वाटेल त्याच्या घरी जेवावे, हे त्यांना रुचेना. ते रुसून काशीस गेले. आम्हीही पाठशाळेत संस्कृतच घोकले, म्हणून त्यांचा सल आम्हांला कळतो. नाथ रागावले नाहीत. मुलाच्या अटी मान्य करून त्यांनी त्याला परत आणले आणि पुराणाची जागाही त्याला दिली. हळूहळू श्रोते येईनासे झाले, असे चरित्रकार सांगतात. शेवटी हरिपंडितच नमले. परक्याचे थुंकणे सोसणे एक वेळ सोपे. पोटच्या पोराने केलेला अव्हेर शांतपणे सोसणे, हा योग फार अवघड.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. षष्ठीच्या वारीला जाल तेव्हा वाळवंटात घटकाभर बसा. मग घरी या. सुनेशी, भावाशी, बांधाशेजारच्याशी बोलताना मन स्थिर राहते का, तेवढे पाहा. राहिले, तर नाथांचा योग तुमच्या उंबऱ्यात आला म्हणून समजा.

रामकृष्णहरि!