सिडनी रिंगर : नळाच्या पाण्याने शिकवलेला धडा

दवाखान्यात ‘आर. एल.’ची सलाईन लावलेली तुम्ही पाहिलीच असेल. त्यातला ‘आर’ म्हणजे रिंगर. नाव रोजचं, पण माणूस कुणाला माहीत नसतो.

सिडनी रिंगर यांचा जन्म इंग्लंडमधील नॉर्विचचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये ते डॉक्टर होते. रुग्ण तपासून वेळ मिळाला की प्रयोगशाळेत जायचे. शरीराबाहेर काढलेलं बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यावर कसं धडधडत राहतं, याचा ते अभ्यास करत होते. १८८२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. नंतर लक्षात आलं, की द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात नव्हे, तर नळाच्या पाण्यात बनवलं होतं! शुद्ध पाणी वापरलं, तर हृदय थोड्याच वेळात थांबायचं. म्हणजे नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम ते चालवत होतं.

रिंगर यांनी चूक लपवली नाही. १८८३ मध्ये स्वतःच दुरुस्ती छापली. १९१० मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे कळलं, की कॅल्शियम हा पेशींचा निरोप्याच आहे. जेवणानंतर रक्तात साखर वाढली, की स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत कॅल्शियम शिरतं आणि त्या इशाऱ्यावर इन्सुलिन बाहेर पडतं. या साऱ्या ज्ञानाची सुरुवात एका कबूल केलेल्या चुकीतून झाली.

म्हणून मुलाने वहीतली चूक लपवली, तर लगेच रागावू नका. त्याला रिंगर यांची ही गोष्ट सांगा.